चूल आवाज करतेय? आधी आवाज कुठून येतोय ते ऐका

गणपतीला घर उघडायचं, पावसाळाभर बंद असलेली मागीलदारची चूल पेटवायची आणि पाच मिनिटांत फट् फट्, सूं, टक टक सगळं सुरू, आमच्याकडे दरवर्षी हेच होतं. घाबरून लगेच पाणी ओतू नका. आवाज लाकडातून येतोय, मातीतून, धुराच्या पाईपातून की बंबातून एवढं आधी कान देऊन ठरवा, अर्धं काम तिथेच होतं.

बहुतेक वेळा लाकूडच असतं. ओंडक्याच्या टोकाला फेस येऊन सूं आवाज होतोय म्हणजे लाकूड ओलं. ताज्या तोडीत जवळजवळ निम्मं वजन पाण्याचंच असू शकतं, चुलीसाठी 20 टक्क्यांच्या आत हवं. पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे पटीच्या वर जागा लागते, ती लाकडात अडकली की फट् होऊन ठिणगी उडते. दोन लाकडं एकमेकांवर आपटून बघा, सुकं ठण् वाजतं, ओलं बद्द. आणि मे महिन्यात सुकवलेलं लाकूडसुद्धा कोकणातल्या पावसाळी हवेत पडवीत पडल्या पडल्या ओल धरतं, म्हणून उद्याची लाकडं आजच चुलीपासून हात-दीड हातावर मांडून ठेवा, अगदी चिकटवून नको.

फुरफुर झाली की काकी म्हणते पाहुणे येणार. लाकडाच्या भेगेतून गॅस जोरात बाहेर पडून पेटतो त्याचा तो आवाज, त्यात काळजीचं काही नाही, भात जास्तीचा लावा फार तर.

बांबू मात्र अख्खा कधीच घालू नका, पेरात कोंडलेली हवा आणि वाफ सुतळी बॉम्बसारखी फुटते आणि निखारे पार बाहेर येतात. फोडून, पेरं उघडी करूनच घाला. किनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूड फुकट मिळतं म्हणून मोह होतो, पण त्यातलं मीठ तडतडतं, पत्र्याचा पाईप खातं आणि धूरही वाईट. काजूच्या टरफलांचं तर नावच काढू नका, चर्र करून तेल उडतं, ते अंगावर बिब्ब्यासारखं उततं आणि धुराने डोळे चुरचुरतात. सोडणं (नारळाची वरची काथ्याची सालं), करवंट्या, चुडतं (माडाच्या झावळ्या) सुकी असली की बिनघोर.

चुलीची माती टवके उडवत फुटत असेल तर आत ओल आहे. नवीन चूल किंवा नुकतं लिंपलेलं असेल तर आठवडाभर तरी सुकू द्या आणि पहिले दोन-तीन दिवस थोड्या चुडतांचा बारीक जाळ करा. तीन दगडांची चूल मांडताना वहाळातले गुळगुळीत दगड आणू नका, आत पाणी मुरलेलं असतं, तापले की तडकून उडतात.

आता पाईप. पेटवल्यावर आणि विझताना टक टक होतं ते लोखंड ताणतं-आकसतं म्हणून, दहा फुटी पाईप 200 अंशांनी तापला तर साधारण 7 मिलिमीटर लांब होतो. क्लॅम्प जरा ढिला ठेवा, झालं. भुप् भुप् करून धूर उलटा येत असेल तर दुपारचा खारा वारा पाईपात घुसतोय, वर टोपी बसवा आणि पाईप छपराच्या आढ्यापेक्षा उंच न्या.

पण पाईपातून घरघर, ट्रक सुरू राहिल्यासारखा आवाज आला आणि पाईप लाल दिसायला लागला तर आतली काजळी पेटलीय, इथे एक मिनिटही थांबू नका. पोरांना, म्हाताऱ्यांना बाहेर काढा, जाळावर राख नाहीतर वाळू टाका आणि चुलीचं तोंड पत्र्याने बंद करा म्हणजे हवा तुटेल. पाईपात पाणी ओतायचं नाही, तापलेला पाईप फुटतो आणि वाफेने भाजतं. लगेच 112 ला फोन करा आणि बाहेरून छपरावर लक्ष ठेवा. आपल्याकडे चुलीवरच्या माळ्यावर लाकडं, सोडणं रचलेली असतात, आग तिथेच आधी पोचते, म्हणून पाईपाजवळचा माळा मुळात रिकामाच ठेवा, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. पाईप नीट तपासल्याशिवाय परत पेटवू नका. काजळी धरते ती ओल्या लाकडाने आणि रात्रभर धुमसत ठेवलेल्या चुलीने, म्हणून दिवाळीनंतर एकदा आणि पावसाआधी एकदा पाईप उतरवून काठीला काथ्या बांधून घासून काढा.

न्हाणीतल्या बंबाचं बारीक गुणगुणणं म्हणजे पाणी तापतंय. धडधड, ठक् ठक् होत असेल तर पाणी कमी झालंय किंवा बुडाशी क्षार धरलेत. जाळ ओढून घ्या, बंब थंड झाल्यावरच पाणी भरा. त्याचं वरचं तोंड कशानेही घट्ट बंद करू नका, वाफेला वाट हवीच.

आणि न पेटवलेल्या चुलीतून खरखर आली तर पाईपात साळुंकीचं घरटं असू शकतं, राखेत मांजर, कधी जनावर, म्हणजे सापही. बॅटरी मारून बघा, काठीने ठोका, मगच काडी ओढा.