बंदी उठली? आधी अधिसूचना उघडा

नाशिकमधल्या ज्या कंपनीत मी काम करते, ती कांदा निर्यातदारांचा माल बंदरापर्यंत पोचवते. सरकारी निर्णय आला की ग्राहकांसाठी त्यावर लेख लिहायचा, हे माझं काम. नव्याने रुजू होणाऱ्या मुलांना मी सगळ्यात आधी 18 फेब्रुवारी 2024 चा रविवार सांगते.

कांद्याची निर्यात डिसेंबरपासून बंद होती, मुदत 31 मार्चपर्यंत. त्या रविवारी बातमी आली: बंदी उठली, तीन लाख टनांना परवानगी. वाहिन्यांवर तेच, व्हॉट्सअ‍ॅपवर तेच. मी तासाभरात लेख टाकला, 'निर्यात पुन्हा सुरू'. सोमवारी लासलगावला क्विंटलचा भाव शनिवारच्या 1280 वरून 1800 रुपयांवर गेला. मंगळवारी केंद्राच्या ग्राहक व्यवहार सचिवांनी स्पष्ट केलं की बंदी कायम आहे. दुपारी एका जुन्या ग्राहकाचा फोन आला. ते रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "ताई, तुमचं वाचून सोमवारी चढ्या भावात माल उचलला." मला त्यावर बोलायला शब्द नव्हते.

समितीची मंजुरी, मंत्र्यांचं वक्तव्य आणि अधिसूचना या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. माल हलतो तो फक्त तिसरीवर. बंदी आणि किमान निर्यात मूल्य, म्हणजे ज्याच्या खाली माल परदेशी विकता येत नाही तो भाव, विदेश व्यापार महासंचालनालय ठरवतं, निर्यात शुल्क अर्थ मंत्रालय. म्हणून दोन्ही संकेतस्थळं उघडा, क्रमांक आणि तारीख बघा. अधिसूचना नसेल तर 'अशी चर्चा आहे, अधिसूचना अजून नाही' एवढ्या दोन ओळी टाका आणि थांबा. तेवढंही ग्राहकाच्या कामाचं असतं.

अधिसूचना मिळाली की शेवटपर्यंत वाचा. 7 डिसेंबर 2023 च्या अधिसूचनेत बंदी एका ओळीत होती, पण खाली सवलती होत्या: ज्याचं लोडिंग आधीच सुरू झालं होतं, जो माल आधीच कस्टम्सच्या ताब्यात दिला होता, तो जाऊ शकत होता. त्या रात्री आम्हाला आलेल्या फोनवर बंदी का घातली, असं कुणीच विचारलं नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच, "माझा कंटेनर जाईल का?" लेखाची पहिली ओळ म्हणजे या प्रश्नाचं उत्तर. धोरण बरोबर की चूक, यावर मलाही पुष्कळ बोलायचं असतं, पण ते दुसऱ्या दिवशी, वेगळ्या लेखात.

आकडा मात्र स्वतः मांडून दाखवा. 4 मे 2024 ला बंदी खरोखर उठली, पण टनाला 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क लागू होतं. म्हणजे वर आणखी 220 डॉलर, एकूण 770. नुसतं 'बंदी उठली' लिहिलं असतं तर निर्यातदाराच्या हाती काहीच लागलं नसतं.

आणि तारीख. उरलेलं 20 टक्के शुल्क रद्द झाल्याची बातमी 22 मार्च 2025 ला आली, अंमल 1 एप्रिलपासून. मी तारीख शीर्षकातच घातली. तरी पंधरा मिनिटांत त्याच ग्राहकाचा फोन आला, "शिपिंग बिल 30 तारखेचं असेल तर?" शिपिंग बिल म्हणजे निर्यातीसाठी कस्टम्सकडे भरायचा अर्ज. पण शुल्काचा दर त्याच्या तारखेचा नाही, कस्टम्सची लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, म्हणजे माल चढवून पाठवायची परवानगी, ज्या दिवशी निघते त्या दिवसाचा धरतात. त्यांना ते सांगितलं, फोन ठेवला आणि लेखाची दुसरी ओळ तीच केली.