शहाणपण नुसतं वाचून येत नाही, मग करायचं काय?

आधी एक छोटं काम करा. जॅकेटची चेन कशी लागते किंवा फ्लशची टाकी कशी चालते असं काहीतरी, जे आपल्याला "एकदम माहितीये" असं वाटतं, ते कुठेही न बघता कागदावर लिहून काढा. दोन ओळींत गाडी अडते. रोझेनब्लिट आणि काइल या संशोधकांनी २००२ मध्ये लोकांकडून असंच करून घेतलं, आधी आपल्या समजेला मार्क द्यायला लावले, मग समजावून सांगायला लावलं आणि परत मार्क विचारले तर लोकांनी स्वतःहूनच कमी दिले. आता हेच आपल्या ठाम मतांवर करून बघा, मुलं कशी वाढवावीत, पैसा कुठे गुंतवावा, अमका माणूस असाच का वागतो वगैरे.

नम्रता म्हणजे मला वाटतं एवढंच, की आपल्याला कुठपर्यंत कळतं ते माहीत असणं. "आम्हाला काय कळतंय बाबा" असं म्हणत बसणं ही नम्रता नाही, बऱ्याचदा ती जबाबदारी टाळायची पळवाट असते.

डार्विनची एक सवय उचला. आपल्या मताच्या विरुद्ध जाणारं काही दिसलं की तो लगेच टिपून ठेवायचा, कारण सोयीच्या गोष्टी लक्षात राहतात आणि गैरसोयीच्या पटकन निसटतात हे त्याला कळलं होतं. मोबाईलमध्ये त्यासाठी एक वेगळी नोट ठेवली तरी पुरे.

पण नुसतं टिपून भागत नाही, काहीतरी करायला पाहिजे. असा निर्णय घ्या जो चुकला तरी मागे फिरता येईल, आणि करायच्या आधी एका ओळीत लिहा की काय होईल असं वाटतंय. हे लिहिणं टाळू नका, सगळी गंमत तिथेच आहे. कारण निकाल लागला की प्रत्येकालाच वाटतं "मला आधीपासून माहीत होतं", फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये हे प्रयोगातून दाखवलंय. एकदा असं वाटलं की चुकीतून शिकायला काही उरतच नाही ना. लिहिलेली ओळ मात्र बदलत नाही, ती समोर ठेवून विचारायचं, अंदाज कुठे हुकला, माहिती कमी होती की घाई झाली, की आपल्याला जे हवं होतं तेच दिसत होतं?

राहिला परफेक्ट करायचा हट्ट. काम सुरू करतानाच ठरवा की किती झालं म्हणजे पुरे, मध्येच ठरवायला गेलात तर ती रेघ पुढेच सरकत राहते. पुन्हा डार्विनच, नैसर्गिक निवडीची मुख्य कल्पना १८३८ च्या सुमारास सुचलेली आणि पुस्तक आलं १८५९ मध्ये, तेही वॉलेस या दुसऱ्या निसर्गशास्त्रज्ञाने तीच कल्पना पत्रातून कळवल्यावर, आणि प्रस्तावनेत डार्विनने लिहून टाकलं की हा गोषवारा आहे, अपुराच असणार. तुम्हीही जे काही पुढे पाठवाल त्यासोबत दोन ओळी जोडा, यात काय तपासलेलं नाही आणि कुठे शंका आहे.

हां, औषधाचा डोस, दुसऱ्याचे पैसे किंवा जिथून परत फिरता येत नाही अशा ठिकाणी "चालतंय की" म्हणायचं नाही. तिथे थांबा, जाणकाराला विचारा आणि त्याने सांगितलेलं परत त्यालाच समजावून सांगा, कुठे अडलात ते तो लगेच दाखवेल.