नाताळच्या जेवणासाठी क्रॅनबेरी सॉस, संत्र्याचं लिकर घालून

कोल्हापुरात कपिलतीर्थ मार्केटात क्रॅनबेरी शोधत फिरू नका, मिळणार नाही. फळ मुळात उत्तर अमेरिकेतलं, तिकडं सप्टेंबर ते नोव्हेंबर तोडणी होते आणि थँक्सगिव्हिंगला, ख्रिसमसला टर्कीसोबत हा सॉस असतो. आपल्याला फ्रोजन पाकीट बघायचं, मोठ्या सुपरमार्केटात नाहीतर ऑनलाइन. सुकवलेली क्रॅनबेरी घेऊ नका, तिच्यात आधीच साखर असते आणि शिजवली तरी नुसती फुगून मऊ होते, सॉस काय धरत नाही. बेकरीवाले केकवर लावतात ती लाल चेरी तर बऱ्याचदा पाकातलं करवंद असतंय, ती अजिबात नको.

पाव किलो क्रॅनबेरीला दीडशे ग्रॅम साखर, दोन संत्री, आणि संत्र्याच्या रसात पाणी घालून सगळं मिळून दीडशे-दोनशे मिलीच्या मध्ये कुठंतरी, म्हणजे 175 मिली धरा. गुळाच्या गावात राहून साखर का, असं घरातलं कोणतरी विचारणारच. गुळानं लाल रंग काळपट होतो आणि संत्र्याचा वास दबतो, म्हणून साखर.

संत्री सोलायच्या आधी साल किसून घ्या, कारण नागपुरी संत्र्याची साल सैल असते, एकदा सोलली की किसणीवर धरताच येत नाही. फळ जरा फ्रिजमध्ये गार केलं तर सोपं जातं. फक्त वरचा केशरी भाग किसायचा, खालचं पांढरं आलं की सॉस कडू.

पातेलं स्टीलचं, जाड बुडाचं. अॅल्युमिनियमचं नको, फळ लई आंबट असतंय आणि भांड्याची चव उतरते. साखर आणि रस-पाणी उकळून साखर विरघळली की क्रॅनबेरी फ्रीजरमधून काढून तशीच टाका, वितळवत बसायचं नाही, सोबत दालचिनीचा छोटा तुकडा आणि चिमटीभर मीठ. लवंग, वेलदोडा, जायफळ याकडं आपला हात जातोच, पण आवरा. मध्यम गॅसवर थोड्या वेळात फळं फट फट फुटायला लागतात, तेव्हा तोंड जरा लांब ठेवा. उकळी आल्यापासून दहा-बारा मिनिटं पुरतात, थोडी फळं अख्खी राहिली तर खाताना बरं वाटतं.

आता खरी गोम इथं आहे. गॅस बंद करताना सॉस पातळच दिसला पाहिजे. क्रॅनबेरीत पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा फळातला पदार्थ, भरपूर असतं, आंबटपणा आणि साखरेसोबत ते गार होताना आपोआप धरतं, आणि आपण मात्र घट्ट होईपर्यंत आटवत बसतो, मग सकाळी चमचा उभा राहतो. शंका असेल तर फ्रीजरमध्ये गार केलेल्या बशीत एक थेंब टाका, बोटानं रेघ ओढा, रेघ लगेच मिटली नाही की झालं. जास्तच घट्ट झाला तर गरम पाणी चमचाभर घालून हलवा.

लिकर, म्हणजे संत्र्याच्या वासाची गोड दारू, सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून वाफ बसल्यावर. अल्कोहोल 78 डिग्रीला उकळतो, उकळत्या सॉसमध्ये ओतलं तर महागाचा वास खिडकीतून बाहेर. दोन मोठे चमचे कॉइंत्रो किंवा ग्रां मार्निए, दोन्ही 40 टक्क्यांची, ग्रां मार्निएमध्ये कोन्याक ही फ्रेंच ब्रँडी असते म्हणून ती जरा भारदस्त लागते. मोठी बाटली कशाला घ्यायची, 50 मिलीची मिनिएचर मिळाली तर बास. नाहीच मिळाली तर साध्या ब्रँडीत संत्र्याची साल तीन-चार तास भिजवून गाळून घ्या, काम भागतं. मग किसलेली साल मिसळा, दालचिनी काढून टाका. शिजवलेलं नसल्यामुळं दारू दारूच राहते, तेव्हा पोरांसाठी आणि न पिणाऱ्यांसाठी लिकर घालायच्या आधीच वेगळा वाडगा काढून ठेवा, आणि जेवताना कोणता कुठला हे स्पष्ट सांगा.

रात्रभर फ्रिजमध्ये मुरू द्या, जेवायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. टर्कीवाचून काय अडत नाही, रोस्ट चिकन किंवा पोर्कसोबत झकास लागतो. तांबड्या रश्शाच्या ताटात मात्र वाढू नका, दोघांचीही चव जाते. कोरड्या चमच्यानं काढलात तर काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये आठवडाभर आरामात टिकतो, आणि उरलेलं चिकन ब्रेडमध्ये भरताना सॉसच्या जागी हाच लावा. पाकिटातली राहिलेली बेरी फ्रीजरमध्येच ठेवा, थर्टी फर्स्टला परत लागते.