गायरानाची नोंद कशी तपासायची आणि नसेल तर कशी करून घ्यायची

गावात कोणालाही विचारा, गायरान कुठंय ते लगेच हात करून दाखवतील, पण गट नंबर विचारला की सगळे गप्प. वहिवाट कितीही जुनी असो, तहसीलमध्ये शेवटी कागदच बघतात भाऊ.

आधी तलाठी आप्पांकडं (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय) गावनकाशा बघून गट नंबर काढा, मग महाभूमी या सरकारी वेबसाइटवरून डिजिटल सहीचा सातबारा घ्या, 15 रुपये लागतात. भोगवटादार म्हणून 'सरकार' किंवा 'महाराष्ट्र शासन' दिसेल, त्यात घाबरायचं काही नाही, मालकी सरकारचीच असते, गावाकडं असतो तो वापराचा हक्क. म्हणून खरी नजर सातबाऱ्यावरच्या 'इतर अधिकार' या रकान्यावर ठेवा, तिथं गुरचरण किंवा गायरान असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. सोबत गाव नमुना 1-ब (सरकारी जमिनी) आणि 1-इ (अतिक्रमणं) हेही मागा, 1-इ बघितल्यावर कोण कुठं बसलंय ते कळतं.

नोंद नसेल तर ग्रामसभेत ठराव घ्या. ठरावात गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा आणि गावात गुरं-मेंढ्या किती ते लिहा, नुसतं 'गायरान वाचवा' असं मोघम लिहिलं तर फाईल तिथंच पडून राहते. ज्यांच्याकडं शेत नाही पण दोन बकऱ्या आहेत त्यांना आणि साक्री-शिंदखेड्याकडच्या ठेलारी मेंढपाळांना सभेला मुद्दाम बोलवा, गायरान गेलं की पहिला फटका त्यांनाच बसतो. ठराव जोडून तहसीलदारांकडं अर्ज करायचा, तिथून प्रस्ताव कलेक्टरकडं जातो. जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 22 खाली कलेक्टर ती जमीन गुरचरणासाठी राखून ठेवू शकतात, आणि एकदा राखली की त्यांच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. आदेश आला म्हणून थांबू नका, फेरफार (जमिनीच्या नोंदीतला बदल) होऊन सातबाऱ्यावर चढेपर्यंत मागं लागा.

अतिक्रमण असेल तर आधी भूमी अभिलेखकडून सरकारी मोजणी, मग तहसीलदारांकडं तक्रार. सुप्रीम कोर्टानं 28 जानेवारी 2011 ला जगपाल सिंग केसमध्ये गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सगळ्या राज्यांना सांगितलंय, त्याची प्रत तक्रारीला जोडाच.

धडगाव, अक्कलकुवा, यावलकडं सातपुड्यात चराई वनजमिनीत असेल तर हा रस्ता नाही चालत. तिथं वनहक्क कायदा 2006, म्हणजे ग्रामसभेच्या वनहक्क समितीमार्फत सामूहिक दावा, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती.

आणि चावडीवरच्या फेरफार नोटिसा वाचत चला. गायरानाच्या गटावर कुठलीही नवी नोंद दिसली की 15 दिवसांच्या आत लेखी हरकत द्या, तोंडी सांगून काही होत नाही, पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.