वायुगळती झाली तर खाली पळू नका

डिसेंबरातली पहाट, पावणेपाच वाजले असतील. एमआयडीसीच्या बाजूने नाकात झोंबणारा वास आला. गॅलरीतून पाहिलं तर आमची अर्धी सोसायटी गेटपाशी जमलेली, कडेवर पोरं, तोंडाला ओढण्या. वायू थोडाच होता, डोळे चुरचुरण्यावर निभावलं. पण मला घाम फुटला. तीस वर्षं मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात क्लोरीनचे टनर, म्हणजे वायूची मोठी सिलिंडरं, हाताळले आहेत. क्लोरीन हवेपेक्षा जवळपास अडीच पट जड असतो. तो गटारात, जिन्याखाली, पार्किंगमध्ये साचतो. जीव वाचवायला माणसं नेमकी तिथेच उतरली होती.

म्हणून आधी वारा ओळखायला शिका. टीटीसीचा, म्हणजे ठाणे-बेलापूरचा कारखान्यांचा पट्टा पारसिकच्या डोंगराखाली, नवी मुंबईतलं आपलं कोपरखैरणे त्याच्या पश्चिमेला आणि आपल्यापलीकडे खाडी. दुपारी वारा बहुतेक खाडीकडून येतो. हिवाळ्यात रात्री-पहाटे तो डोंगराकडून उतरतो, आणि गार हवा वर उठत नसल्यामुळे जे सुटलं ते जमिनीलगत रेंगाळतं. गच्चीवरच्या टाकीच्या पाइपला दीड मीटरची लाल फीत बांधा, गेटवरून दिसेल अशी. फीत नसेल तर वाळत घातलेले कपडे बघा. धुराने वारा बघायला उदबत्ती मात्र पेटवू नका; सुटलेला वायू पेट घेणारा असू शकतो.

वायू आपल्याकडे येत असेल तर घरातच थांबायचं. दारं-खिडक्या लावा, एसी आणि एक्झॉस्ट पंखा बंद करा. सगळे विसरतात ती संडास-बाथरूमची काचपट्ट्यांची खिडकी; तिच्यावर प्लास्टिक लावून चिकटपट्टी मारा. दाराच्या फटीत ओला टॉवेल. तळमजल्यावरच्यांनी वर जायचं, आणि कोणाच्या घरी जायचं हे आजच ठरवून ठेवायचं. नाकावर ओलं फडकं धरल्याने क्लोरीन, अमोनियाचा त्रास थोडा कमी होतो, पण त्या भरवशावर बाहेर पडू नका. तुर्भ्याच्या शीतगृहांत वापरतात तो अमोनिया खरं तर हवेपेक्षा हलका. तरी फुटलेल्या पाइपमधून निघालेला त्याचा गार ढग सुरुवातीला जमिनीलगतच सरकतो. धोका टळल्याचं कळलं की लगेच सगळं उघडा, कारण आत शिरलेला वायू आतच कोंडून राहतो.

रस्त्यावर सापडलात तर वाऱ्याला आडवं चाला. वारा डोंगराकडून असेल तर घणसोलीकडे किंवा वाशीकडे. खाडीकडे नाही, कारण वायूही तिकडेच चाललेला असतो. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये माणसं अंधारात घाबरून घराबाहेर पळाली. कुठे पळायचं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. ते आठवलं की मला आजही झोप लागत नाही.

११२ वर फोन करताना जागा, वास, रंग, वाऱ्याची दिशा आणि किती माणसांना त्रास होतोय एवढं सांगा. टँकर असेल तर त्याच्यावरच्या पाटीवरचा चार आकडी नंबर लांबूनच वाचा: १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ म्हणजे अमोनिया. अग्निशमनवाल्यांची तयारी त्या एका आकड्याने बदलते.

किरणोत्साराची भीती लोकांना जास्त वाटते, कारण तुर्भ्याहून खाडीपलीकडे बघितलं की ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. त्यातही घरात जाणं हेच पहिलं. बाहेरून आलात तर वरचे कपडे दाराशीच उतरवून पिशवीत बांधा आणि साबणाने अंघोळ करा. आयोडिनच्या गोळ्या प्रशासनाने सांगितल्याशिवाय घेऊ नका. भंगारात किरणोत्साराचं तीन पाकळ्यांचं चिन्ह दिसलं तर हात न लावता लांब व्हा. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात आलेल्या किरणोत्सारी कोबाल्ट-६० मुळे एक माणूस गेला.

आणि घरातलं: ब्लीचिंग पावडर आणि संडासचं ॲसिड एकत्र करू नका. त्यातूनही क्लोरीनच सुटतो. सोसायटीच्या सफाई कामगारांना हे मी स्वतः उभं राहून समजावलं आहे.

धोकादायक रसायनांबाबतच्या १९८९ च्या नियमांनुसार कारखान्याबाहेरच्या आपत्तीचा आराखडा प्रशासनाकडे असतो आणि त्याची तालीम वर्षातून एकदा तरी व्हायला हवी. सोसायटीच्या लेटरहेडवर जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहा, त्या तालमीत आम्हालाही घ्या म्हणून. आम्ही वाट न बघता आमची तालीम सुरू केली. पहिल्यांदा तळमजल्यावरची सगळी माणसं वर पोहोचायला अकरा मिनिटं लागली, तिसऱ्या वेळी चार. बी विंगमधल्या व्हीलचेअरवरच्या आजींना उचलून न्यायला आता दोन मुलांची नावं ठरली आहेत, आणि दोघंही गावाला गेले तर तिसऱ्याचं.