बेसबॉल शिकताय? आधी ग्लोव्ह घ्या, बॅट नंतर

तिशी-चाळिशीत बेसबॉल शिकायचा म्हटलं की पहिल्यांदा हात बॅटकडे जातो. घाई नको, सुरुवातीला बॅट कुणाचीही चालते. पैसे ग्लोव्हवर घाला. उजव्या हाताने फेकत असाल तर ग्लोव्ह डाव्या हाताचा. साडेअकरा ते बारा इंचांचा, खऱ्या चामड्याचा. नवा असताना तो पुठ्ठ्यासारखा ताठ असतो. मधल्या खोलगट भागात चेंडू ठेवून दोरीने घट्ट बांधा, रात्रभर राहू द्या आणि रोज झेल घ्या. हळूहळू तो हाताच्या वळणाचा होतो. आपल्या सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात मात्र गाडीच्या डिकीत कधीच ठेवू नका, चामडं सुकतं आणि वाद्या तडकतात.

चेंडू 142 ते 149 ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जरा हलका, पण लागतो सणसणीत. हेल्मेटशिवाय बॅटिंगला उभं राहू नका.

जोडीदार नसेल तर अंगणात भिंतीपुढे दोरीवर जुनी सोलापुरी चादर टाका, खालची कड मोकळी सोडा आणि दहा पावलांवरून फेका. जाड विणीत चेंडूचा जोर मरतो, तो तिथेच खाली पडतो. पहिल्या आठवड्यात रोज वीस-पंचवीस फेकी पुरे, त्याही खांदा मोकळा करूनच.