सोलापुरात नव्याने येणाऱ्या कोकणवासीयांनो, निरोप कुठे टाकायचा ते आधी ठरवा

पहिल्याच आठवड्यात तुम्हाला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपात घेतील. तिथे गप्प राहा आणि वाचा. इथे पाणी रोज येत नाही. 'पाणी आलं' एवढे दोन शब्द वेळेवर दिसावेत म्हणून तो ग्रुप आहे. आपली माणसं त्यावर सुप्रभातच्या फुलांचा ढीग घालतात आणि खालच्या मजल्यावरच्या आजींची टाकी रिकामी राहते. याचा मला मनापासून राग येतो.

घरमालकाशी डिपॉझिटवरून वाद झाला तर फोन करा. ग्रुपात १०२४ माणसं मावतात, त्यात त्याचा मेहुणा असतोच.

आता ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची व्हॉट्सॲपची सोय. २०१५ साली मुलीचं बारसं होतं. ग्रुपात सरसकट आमंत्रण टाकणं बरं दिसेना, म्हणून ब्रॉडकास्ट लिस्ट केली. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, मी दीडशे निवडले आणि निर्धास्त झाले. पण ज्यांच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह नाही, त्यांना ब्रॉडकास्ट पोचतच नाही! मी गावात नवीन, माझा नंबर कोण सेव्ह करून ठेवणार? दीडशे पानांचा स्वयंपाक झाला, जेवायला बावन्न आले. शिऱ्याचं पातेलं अर्धंही उतरलं नव्हतं. मेसेज दाबून 'इन्फो' पाहिलं असतं, तर कुणाकुणाला पोचला ते तिथेच दिसलं असतं. नवीन माणसाने ब्रॉडकास्टवर विसंबू नये, हे मी भेटेल त्याला सांगते.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू म्हणाल्या, "दारात येऊन कुंकू लावून सांगितलं असतंस, तर सगळी गल्ली आली असती गं." सोलापूरकर शब्दाला जागतात, पण शब्द तोंडाने द्यावा लागतो. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या काही वडीलधाऱ्यांना मराठी छान कळतं, वाचायला मात्र जड जातं. त्यांना लांबलचक मेसेज नको, व्हॉइस मेसेज पाठवा.

आठ-दहा जणांची बैठक असेल तर गूगल मीट घ्या. फुकटात तासभर चालतं, झूम ४० मिनिटांत बंद पडतं.

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला जाणाऱ्यांपुरता वेगळा ग्रुप करा. संमती कट्ट्यावर अक्षता सोहळ्याच्या गर्दीत फोनची रिंग ऐकू येत नाही. चुकामूक झाली तर कुठे थांबायचं, ते आदल्या रात्रीच त्यात लिहून ठेवा, आणि घरी परतल्यावर तो ग्रुप बंद करा.